विभागीय चौकशीची नस्ती: कोणाला दाखवायची, कोणापासून जपायची

एका जिल्हा कार्यालयातल्या आवक नोंदवहीतली एक ओळ मला अजून आठवते. विषयाच्या रकान्यात लिपिकाने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'श्रीमती अमुक यांची अमुक साहेबांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार'. नोंदवही काउंटरवर उघडी. टपाल द्यायला येणारा शिपाई, पोच घ्यायला आलेला ठेकेदार, सगळ्यांनी ती ओळ वाचली. तक्रार समितीची पहिली बैठक व्हायच्या आधीच त्या बाईंनी बदलीचा अर्ज दिला. त्याच वर्षी त्याच कार्यालयात एका कनिष्ठ सहायकाने स्वतःविरुद्धच्या चौकशीचा अहवाल मागितला, तर त्याला उत्तर मिळालं: 'सदर कागद गोपनीय असल्याने देता येत नाही.'

जिथे झाकायला हवं तिथे उघडं आणि जिथे द्यायलाच हवं तिथे कुलूप, हा उलटा कारभार मी आस्थापना शाखेत अनेकदा पाहिला. त्रयस्थाला काय दाखवायचं आणि ज्याची नोकरी पणाला लागली आहे त्याला काय द्यायचं, हे दोन प्रश्न आपण एकच समजतो, तिथे घोटाळा होतो. हा लेख महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांतल्या चौकशी आणि तक्रारींच्या कागदांबद्दल आहे. आस्थापना लिपिक, जन माहिती अधिकारी, समितीचे सदस्य आणि स्वतः चौकशीत सापडलेले कर्मचारी, सगळ्यांना उपयोग व्हावा असा क्रम ठेवला आहे.

आधी कागद कोणत्या जातीचा ते ठरवा

एका नस्तीत, म्हणजे फाईलमध्ये, सगळं कोंबण्याची सवय मोडा. पहिल्या दिवसापासून गठ्ठे वेगळे ठेवा.

मूळ तक्रार आणि प्राथमिक चौकशीचे कागद हा एक गठ्ठा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खालची विभागीय चौकशी हा दुसरा. यात मोठ्या शिक्षेसाठी नियम ८ आणि किरकोळ शिक्षेसाठी नियम १० लागतो. महिलांचे कामाच्या ठिकाणी लैंगिक छळापासून संरक्षण करणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत तक्रार समितीची कागदपत्रं हा तिसरा गठ्ठा, आणि तो कपाटातही वेगळाच हवा, कारण त्याला गुप्ततेचा स्वतंत्र कायदा आहे. वेतननिश्चिती, ज्येष्ठता, बदली अशा गाऱ्हाण्यांची निवेदनं चौथ्यात. त्यांत नाजूक मजकूर कमी असतो, पण आजारपणाचे दाखले किंवा घरगुती वादाचे कागद जोडलेले असतील तर ते पाकिटात घालून मग नस्तीत लावा.

वेगळेपणाचा फायदा पुढे कळतो. माहिती अधिकाराचा अर्ज येतो, किंवा अपचारी, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, कर्मचारी कागद पाहायला येतो, तेव्हा अख्खी नस्ती समोर टाकावी लागत नाही.

तक्रार आली त्या दिवशी

बहुतेक गळती पहिल्या दोन तासांत होते. त्यामुळे इथे जरा थांबतो.

आवक नोंदवहीत विषय म्हणून फक्त 'गोपनीय पत्र' लिहा, सोबत क्रमांक आणि तारीख. पाठवणाऱ्याचं नाव वेगळ्या गोपनीय नोंदवहीत जाईल, आणि ती कार्यालयप्रमुख किंवा समितीच्या अध्यक्षांच्या ताब्यात राहील. 'गोपनीय' लिहिलेलं पाकीट आवक शाखेने फोडायचं नाही. बाहेरच्या नोंदी करून बंद पाकीट पुढे द्यायचं. तुम्ही स्वतः असा कागद पाठवत असाल तर दोन पाकिटं वापरा. आतल्यावर 'गोपनीय, फक्त अध्यक्ष यांनी उघडावे', बाहेरच्यावर साधा पत्ता. बाहेरच्या पाकिटावर 'लैंगिक छळ तक्रार' लिहिलेलंही मी पाहिलं आहे; मग आत काय आहे हे वाटेतल्या प्रत्येकाला कळतंच.

ई-ऑफिसमध्ये तर जास्त काळजी हवी. तक्रार स्कॅन करून नेहमीच्या टपालासारखी चढवली की ती ज्याच्या ज्याच्या खात्यातून जाते तो प्रत्येक जण ती उघडू शकतो. अशी तक्रार नेहमीच्या साखळीतून न नेता थेट संबंधित अधिकाऱ्याकडे नेण्याची सोय आधी करून घ्या. आणि कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर चौकशीची नोटीस, निलंबन आदेश, सुनावणीची तारीख यातलं काहीही टाकू नका. 'सर्वांना कळावं म्हणून' हे कारण चालणार नाही, कारण सर्वांना कळण्याची गरजच नसते.

आदेशाच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' म्हणून आठ-दहा कार्यालयांची यादी जोडण्याची पद्धतही तपासा. निलंबन आदेश कोषागाराला, वेतन शाखेला आणि मुख्यालय ठरवून दिलं असेल तिथे लागतो. शेजारच्या तालुक्याच्या कार्यालयाला तो कशाला?

प्राथमिक चौकशीत साक्षीदाराला खोटं आश्वासन देऊ नका

जबाब घेताना अधिकारी सहज म्हणून जातो, 'घाबरू नका, तुमचं नाव कुठेच येणार नाही.' मग दोषारोपपत्र निघतं, जोडपत्र चारमध्ये साक्षीदारांची यादी येते आणि त्यात पहिलं नाव त्याच माणसाचं. त्याचा विश्वास जातो आणि तो उलटतपासणीत गडबडतो.

जबाब सुरू करण्याआधी सरळ सांगा: हे बाहेर कोणाला दाखवलं जाणार नाही, पण दोषारोप ठेवले आणि तुम्ही साक्षीदार असाल तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला तुमचा जबाब द्यावा लागेल. आणि हेच वाक्य जबाबाच्या वर लिहून त्यावर सही घ्या. साक्षीदाराचा घरचा पत्ता आणि मोबाईल क्रमांक जबाबात न घेता वेगळ्या चिठ्ठीवर घ्या. जबाबात पदनाम आणि कार्यालय पुरतं. एवढी एक सवय लावली तर पुढची निम्मी खाडाखोड वाचते.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने भ्रष्टाचाराची माहिती द्यायची असेल आणि नाव गुप्त राहावं असं वाटत असेल तर वाट वेगळी आहे. २००४ च्या ठरावानुसार अशी तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात जाते. नाव-पत्ता पाकिटावर न लिहिता आत, पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या चिठ्ठीत लिहायचा. ओळख जपण्यासाठी आयोग पोचही पाठवत नाही, तेव्हा पोच आली नाही म्हणून स्मरणपत्रांचा मारा करू नका.

दोषारोपपत्र बजावल्यावर अपचाऱ्याला काय द्यायचं

ज्या कागदाच्या आधारावर माणसाला शिक्षा करणार तो कागद त्याच्यापासून लपवता येत नाही. 'गोपनीय' शिक्का मारला म्हणून यात फरक पडत नाही. दोषारोप ज्ञापनासोबत दोषारोप, त्यांचं विवरण, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी अशी चार जोडपत्रं जातात. यादीतले कागद पाहायची संधी ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, आणि साक्षीदारांच्या आधीच्या जबाबांच्या प्रती त्याने मागितल्या तर साक्ष सुरू होण्याच्या किमान तीन दिवस आधी त्याच्या हातात पडायला हव्यात. प्राथमिक चौकशीतले जबाब न देणं ही गंभीर त्रुटी ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये शत्रुघ्न लाल प्रकरणात स्पष्ट केलं. चौकशी अधिकारी आणि शिस्तभंगविषयक प्राधिकारी, म्हणजे शिक्षा देणारे, वेगळे असतील तर चौकशी अहवालाची प्रतही शिक्षेआधी द्यावी लागते. १९९३ चा घटनापीठाचा करुणाकर निकाल त्यासाठीच आहे. सुरुवातीला सांगितलेल्या कनिष्ठ सहायकाला नकार देणारं पत्र या निकालासमोर टिकलं नसतं.

कागद दाखवायची पद्धत अशी ठेवा. वेगळी खोली, सादरकर्ता अधिकारी (चौकशीत कार्यालयाची बाजू मांडणारा) समोर. पानं क्रमांकित. एक साधा तक्ता करा: पान क्रमांक, कागदाचं वर्णन, पाहिल्याची वेळ, सही. मूळ कागद त्याच्या हातात एकट्याने सोडू नका, पण नोटवहीत लिहून घ्यायला अडवू नका. प्रत मागितली तर देता येते किंवा नाही हे लेखी सांगा. सार्वजनिक हिताला किंवा राज्याच्या सुरक्षिततेला बाधा येते म्हणून एखादा कागद नाकारायचा असेल तर ते कारण चौकशी अधिकाऱ्याकडे लेखी नोंदवावं लागतं. तोंडी 'नाही मिळणार' याला किंमत नाही.

मात्र सगळंच त्याला मिळत नाही. इतर कर्मचाऱ्यांचे कार्यमूल्यमापन अहवाल, साक्षीदारांचे घरचे पत्ते, त्याच्या प्रकरणाशी संबंध नसलेल्या तक्रारी हे त्याच्या बचावाला लागत नाहीत. स्वतःच्या गोपनीय अहवालातले शेरे मात्र, प्रतिकूल असोत वा नसोत, त्याला कळवायलाच हवेत. देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये तसा निकाल झाला आहे.

अंतर्गत तक्रार समितीचा गठ्ठा

इथे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत, म्हणून इतर चौकशीची सवय इथे आणू नका.

२०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीचा मजकूर, पीडित महिलेची, प्रतिवादीची आणि साक्षीदारांची ओळख व पत्ते, समेट आणि चौकशीची माहिती, समितीच्या शिफारशी आणि झालेली कारवाई, यातलं काहीही लोकांना, वृत्तपत्रांना किंवा माध्यमांना कळवता येत नाही. माहिती अधिकार कायदा असला तरी नाही. प्रतिवादीचं नावही यात झाकलं आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्याच्या विरोधकांनी तक्रारीची प्रत पत्रकाराला दिली तरी तो भंगच. बंधन मोडणाऱ्या जबाबदार व्यक्तीला सेवा नियमांनुसार शिक्षा होते, आणि तसे नियम नसतील तिथे याच कायद्याखालच्या नियमांतल्या नियम १२ नुसार ५,००० रुपये दंड. न्याय मिळाल्याची माहिती, कोणाचीही ओळख पटणार नाही अशा रीतीने, देता येते.

ओळख फक्त नावाने पटत नाही, हे लक्षात ठेवा. 'लेखा शाखेतील महिला कर्मचारी' असं लिहिलं आणि त्या शाखेत एकच महिला असेल, तर नाव काढून काय उपयोग? आदेशाचा मसुदा करताना ही चूक सतत होते. एक नमुना पाहा. 'श्रीमती अमुक यांनी दि. अमुक रोजी केलेल्या लैंगिक छळाच्या तक्रारीच्या अनुषंगाने श्री. तमुक यांची बदली करण्यात येत आहे' असा आदेश वेतन शाखेपासून कोषागारापर्यंत फिरतो. त्याऐवजी 'प्रशासकीय कारणास्तव, गोपनीय क्रमांक अमुक अन्वये घेतलेल्या निर्णयानुसार' एवढंच लिहा. पूर्ण कारणांसहित आदेश वेगळा काढा आणि तो फक्त दोन्ही पक्षांना बंद पाकिटात द्या.

दोन्ही पक्षांना काय मिळतं? तक्रारीची एक प्रत समिती सात कामकाजाच्या दिवसांत प्रतिवादीला पाठवते, त्याला उत्तरासाठी दहा कामकाजाचे दिवस. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची, आणि संपल्यावर दहा दिवसांत अहवाल नियोक्त्याला द्यायचा आणि दोन्ही पक्षांनाही उपलब्ध करून द्यायचा. म्हणजे तक्रार करणाऱ्या बाईलाही अहवाल मिळायलाच हवा. 'तुमचं काम संपलं, आता शासन बघेल' हे उत्तर बेकायदेशीर आहे. पुण्यातल्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानण्यावर भर दिला, त्यामुळे तीच साक्ष त्या बाईंकडून पुन्हा पहिल्यापासून नियम ८ खाली काढू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज आला

जन माहिती अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा: अर्जदार कोण? माहिती कशासाठी हवी हे विचारायला कायद्याने मनाई आहे, पण अर्जदार स्वतःचेच कागद मागतो का, हे अर्जावरून दिसतं. स्वतःची माहिती ही त्याच्यापुरती त्रयस्थाची खासगी माहिती नसते.

मागणारा त्रयस्थ असेल तर या क्रमाने जा.

समितीचा गठ्ठा असेल तर २०१३ च्या कायद्याचं कलम १६ नमूद करून नाकारा, फार चर्चा नको.

चौकशी चालू असेल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ज) आठवतं, म्हणजे तपासाला किंवा गुन्हेगारावरच्या कारवाईला अडथळा आणणारी माहिती. पण नुसतं 'चौकशी सुरू आहे' लिहून चालत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात सांगितलं की चौकशी चालू असणं हे एकटं कारण पुरेसं नाही. माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. तेव्हा लिहा: 'तीन साक्षीदारांची साक्ष व्हायची आहे, त्यांचे पूर्वीचे जबाब बाहेर गेल्यास त्यांच्यावर दबाव येण्याचा संभव आहे.' असं ठोस.

चौकशी संपली असेल तर प्रश्न खासगी माहितीचा. अकोल्याच्या एका अधिकाऱ्याच्या नोटिसा, शिक्षेचे आदेश आणि मालमत्तेची माहिती मागणाऱ्या गिरीश देशपांडे प्रकरणात ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती मुख्यतः कर्मचारी आणि नियोक्ता यांच्यातली ठरवली. २०१९ च्या सुभाषचंद्र अग्रवाल निकालात घटनापीठानेही शिस्तभंगाची कारवाई आणि गोपनीय अहवाल वैयक्तिक माहितीत धरले, व्यापक जनहित असेल तर देता येईल असं म्हणून. नोव्हेंबर २०२५ मध्ये मोठा बदल झाला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातलं खासगी माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(ञ) बदलून फक्त 'वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती' एवढंच ठेवलं. जनहिताची अट आणि 'विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माहिती कोणालाही नाकारू नये' हे परंतुक दोन्ही गेली.

या बदलाने मला वाईट वाटतं, हे लपवत नाही. लाच घेऊन शिक्षा झालेला अधिकारी आता याच कलमामागे सहज लपेल. पण कलम ८(२) शिल्लक आहे: जनहित हानीपेक्षा जास्त असेल तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकतं. शब्द 'सार्वजनिक प्राधिकरण' आहे, तेव्हा जन माहिती अधिकाऱ्याने असं प्रकरण स्वतःच्या पातळीवर न संपवता कार्यालयप्रमुखाकडे टिपणीसह सादर करावं आणि दोन्ही बाजू तोलून निर्णय घ्यायला लावावा. गैरव्यवहार सिद्ध झाला आहे, रक्कम सार्वजनिक आहे, शिक्षा अंतिम आहे, अशा प्रकरणात शिक्षेचा आदेश देण्यासारखा असतो. घटस्फोट किंवा आजारपणामुळे झालेल्या गैरहजेरीची चौकशी तशी नसते.

द्यायचा विचार असेल तर कलम ११ विसरू नका. त्रयस्थाने (इथे त्रयस्थ म्हणजे ज्याच्याबद्दलची माहिती मागितली तो) गोपनीय मानलेली माहिती असेल तर अर्ज आल्यापासून ५ दिवसांत त्याला नोटीस, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस, निर्णय ४० दिवसांत. त्याचा नकार आला म्हणून आपोआप नाकारायचं नसतं. त्याचं म्हणणं ऐकून ठरवायचं असतं. देण्याचा निर्णय झाला तर तो त्याला लेखी कळवा, म्हणजे त्याला अपील करता येईल.

कलम १० खाली भाग वगळून द्यायचं ठरलं तर खाडाखोड नीट करा. काळ्या मार्करने खोडलेलं पान मी स्वतः खिडकीपाशी धरून वाचलं आहे. नाव, मोबाईल क्रमांक, सगळं. मार्कर मारलेल्या पानाची झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्स द्या, मूळ कधीच नाही. पीडीएफमध्ये काळी चौकट टाकली तर खालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवता येतो, त्यामुळे छापून, खोडून, पुन्हा स्कॅन करा. आणि वगळलेल्या प्रत्येक भागासमोर कलम लिहा.

तुम्ही अर्जदार असाल तर

स्वतःच्या चौकशीबद्दल मागताना मोघम लिहू नका. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत असावा लागतो. शुल्क १० रुपये. असं लिहा: 'माझ्याविरुद्ध ज्ञापन क्र. अमुक, दि. अमुक अन्वये झालेल्या विभागीय चौकशीतील चौकशी अधिकाऱ्यांच्या अहवालाची आणि त्यावरील टिपणी बाजूची साक्षांकित प्रत मिळावी.' टिपणी बाजू, म्हणजे नस्तीतल्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची पानं, हीही माहितीत मोडते. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला तर ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. मात्र चौकशी चालू असताना बचावाचे कागद आधी चौकशी अधिकाऱ्याकडेच मागा, कारण तिथे नकार मिळाला तर तो नैसर्गिक न्यायाचा मुद्दा बनतो आणि पुढे न्यायाधिकरणात त्याचा उपयोग होतो.

पत्रकार किंवा कार्यकर्ते असाल तर नावांच्या मागे न लागता आकडे मागा: किती विभागीय चौकशा प्रलंबित, प्रत्येकीची सुरुवात कधी, किती निलंबित, निर्वाह भत्त्यावर खर्च किती, किती प्रकरणांत कोणती शिक्षा. यात कोणाची वैयक्तिक माहिती येत नाही, आणि कारभाराची ढिलाई याच आकड्यांत उघडी पडते.

नस्ती बंद करताना

अंतिम आदेश झाल्यावर सेवापुस्तकात फक्त शिक्षेची नोंद आणि आदेशाचा क्रमांक जातो. जबाब, तक्रार, अहवाल तिथे लावू नका. सेवापुस्तक पुढे निवृत्तिवेतन प्रकरणापर्यंत कितीतरी हातांतून जातं. दोषमुक्त झाला असेल तर निलंबनाचा काळ कसा धरला त्याचा आदेश पुरेसा.

मग अभिलेख वर्गीकरण: 'अ' कायम, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं, 'ड' १ वर्ष. आपल्या विभागाच्या यादीप्रमाणे वर्ग लिहा, पण अपील, न्यायालयीन प्रकरण किंवा माहिती अर्ज प्रलंबित असताना काहीही नष्ट करू नका. नष्ट करताना रद्दीवाल्याला गठ्ठा देऊ नका. कागद कापणाऱ्या यंत्रातून काढा आणि पंचनामा करा.

राहिलं गोपनीय कपाट. अधिकारी बदलून जातो, किल्ली शिपायाकडे राहते, नवा अधिकारी येईपर्यंत दोन महिने जातात. कार्यभार हस्तांतरणाच्या कागदाला एक पान जोडा: नस्ती क्रमांक, पानांची संख्या, शेवटचं पान कोणत्या तारखेचं, मोहोर शाबूत आहे का. विषय नको, नावं नकोत. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, आणि किल्ली त्याच वेळी हातातून हातात.